नळी कापून रायफल होत नाही: डुकरांच्या ‘अमेरिकन उपाया’ला उत्तर

मामाचा फोन आला तेव्हा त्याच्याकडे रविवारची सकाळ होती आणि इथे कॅन्ससमध्ये शनिवारची रात्र. “बाबू, येताना माका एक घेवन ये,” म्हणाला. काय आणायचं ते व्हॉट्सॲपवर आधीच येऊन पडलं होतं. दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी तिघांकडून आला. एकजण कुडाळचा, एक लांज्याचा, आणि एक ठाण्यात राहून गावच्या काजूची काळजी करणारा.

मेसेजचं शीर्षक ‘शेतकरी बांधवांनो, रानडुकरांवर अमेरिकन उपाय’. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं. अमेरिकेतले शेतकरी उपद्रवी जनावरांसाठी छोट्या नळीची बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने दांडा ओढून पुढची गोळी भरायची) रायफल वापरतात. नळी जितकी आखूड तितका नेम पक्का. गोळी बारीक असल्यामुळे ती लांब जात नाही, म्हणून वाडीवस्तीजवळ सुरक्षित. शेतीसंरक्षणाचा परवाना असेल तर ही रायफल त्याच परवान्यावर चालते आणि परदेशातले नातेवाईक ती सामानातून आणू शकतात. डुक्कर आता ‘उपद्रवी’ जाहीर झालंय, कोणीही मारावं. आणि शेवटी, रायफल नाहीच मिळाली तर घरातल्या जुन्या बंदुकीची नळी चौदा इंचांवर कापून घ्या, ‘तोच परिणाम मिळतो’.

मामाच्या घरी आजोबांपासूनची ठासणीची बंदूक आहे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची. बोलता बोलता मामा म्हणाला, लोहाराशी बोलून ठेवलंय. त्यानंतर मला झोप लागली नाही. म्हणून आधी शेवटच्या मुद्द्याचं बोलतो.

शस्त्र अधिनियम, १९५९. त्याचं कलम ६ वाचा. बंदुकीची नळी आखूड करायची तर त्यासाठी स्वतंत्र परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना वेगळा, नळी कापण्याचा वेगळा. हा दुसरा परवाना मामाकडे नाही, गावच्या लोहाराकडेही नाही. आणि कलम २५ मध्ये त्याची शिक्षा दिलीय. २०१९च्या दुरुस्तीनंतर ती कमीत कमी सात वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप अशी आहे, वर दंड. बेकायदा बंदुका बनवून विकणाऱ्याला जे कलम लागतं, त्याच्याच पोटकलमात नळी कापणारा बसतो. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला, ज्याने आयुष्यात तलाठी सोडून कुठल्या सरकारी माणसाशी वाद घातला नाही, त्याला हा मेसेज तिथे नेऊन बसवतोय. लिहिणाऱ्याने ही ओळ लिहिण्याआधी कायद्याचं एक पान उलटलं असतं तरी पुरे होतं.

ज्या अमेरिकेचं नाव घेऊन हे सांगितलंय तिथली गोष्ट ऐका. १९३४पासून इथे राष्ट्रीय कायदा आहे. १६ इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल आणि १८ इंचांपेक्षा आखूड नळीची छऱ्याची बंदूक सरकारदरबारी नोंदवल्याशिवाय, आधी मंजुरी घेतल्याशिवाय करता येत नाही. घरच्या घरी करवतीने कापली तर दहा वर्षांपर्यंत तुरुंग. म्हणजे चौदा इंचांचा हा ‘अमेरिकन उपाय’ अमेरिकेतसुद्धा गुन्हा आहे.

कायदा क्षणभर बाजूला ठेवू, कारण मामासारख्या माणसाला कायद्यापेक्षा लोखंड लवकर पटतं. रायफल म्हणजे आखूड बंदूक नव्हे. रायफलच्या नळीत आतून पीळदार खाचा असतात, त्या गोळीला गरागरा फिरवतात आणि फिरणारी गोळी सरळ जाते. ठासणीची बंदूक आणि आपली बारा बोअरची काडतुसाची बंदूक, दोन्ही आतून गुळगुळीत. त्या चौदा इंचांवर कापा नाहीतर चार इंचांवर, आत पीळ येणार नाही. उलट काडतुसाच्या बंदुकीची नळी बहुधा तोंडाशी किंचित निमुळती केलेली असते, म्हणजे छर्रे एकत्र राहतात. कापताना पहिल्यांदा तोच भाग जातो. मग छर्रे थोड्याच अंतरात विखुरतात, डुकराला दोन-चार लागतात आणि ते जखमी होऊन झाडीत शिरतं. ठासणीच्या बंदुकीत तर काळी दारू असते. आखूड नळीत ती पुरती जळायच्या आधीच गोळी बाहेर पडते, उरलेली आग तोंडाशी. नेम धरायचा मणी कापलेल्या तुकड्यावर राहतो. आणि डावा हात नळीच्या तोंडापासून वीतभर अंतरावर येतो. रात्री, मचाणावर, अर्धवट झोपेत असताना. हे डोळ्यांसमोर आणा.

आणि नळीच्या तोंडाची कड. चांगल्या रायफलीत ही कड लेथवर अगदी समान घासलेली असते, कारण गोळी सुटताना मागचा वायू चारी बाजूंनी सारखा बाहेर पडला पाहिजे. कडेला केसभर तिरकस ओरखडा असला तरी नेम बिघडतो. लोहाराच्या करवतीने काय होईल ते वेगळं सांगायला नको.

आता नेमाचा मुद्दा. इथे मला नाइलाजाने अर्धं कबूल करावं लागतंय. आखूड नळीची बोल्ट ॲक्शन रायफल खरोखर चांगली असते. मी स्वतः वापरतो. रुगर कंपनीची ‘अमेरिकन रँच’, .२२३ची (गोळीची जाडी साधारण .२२ इंच), नळी १६ इंचांच्या जरा वर. पश्चिम कॅन्ससमध्ये ओळखीच्या एका पशुपालकाच्या कुरणावर प्रेअरी डॉग्ज (खारीच्या कुळातले बिळात राहणारे प्राणी) बिळं करतात, वासरांच्या मागे कोयोटी (कोल्ह्या-लांडग्यांच्या जातीतले) लागतात, तिथे ती घेऊन जातो. गाडीत मावते, झुडपांत अडकत नाही, म्हाताऱ्या माणसालाही पेलते. आखूड नळीचा नेम वाईट, असं इथले जुने लोक म्हणायचे, ते चुकीचं आहे. तितक्याच जाडीची आखूड नळी लांब नळीपेक्षा ताठ असते, गोळी सुटताना कमी थरथरते.

पण ‘जितकी आखूड तितका नेम पक्का’ हे त्यातून निघत नाही. नेम ठरतो तो नळीच्या घडणीवर, पिळाचं प्रमाण आणि गोळीचं वजन यांच्या जुळणीवर, चापावर आणि चाप ओढणाऱ्यावर. नळी आखूड केल्याने गोळीचा वेग मात्र नक्की जातो. .२२३ची ५५ ग्रेनची (साडेतीन ग्रॅमच्या आसपास) गोळी २४ इंची नळीतून सेकंदाला सुमारे ३,२४० फुटांनी निघते. १६ इंचीतून तीच अडीचशे-तीनशे फुटांनी मंदावते. दोनशे यार्डांच्या आत प्रेअरी डॉगवर या फरकाने गोळी एखादा इंच खाली जाईल, तेवढं दुर्बिणीत जमवून घेता येतं. त्यापुढे ते महागात पडतं. आणि आवाज! आखूड नळीचा धडाका तोंडावर येतो. कानाला इजा करणाऱ्या १४० डेसिबलच्या कितीतरी वर तो असतो. कानात बोळे घातल्याशिवाय मी ती चालवत नाही.

यातलं सगळ्यात महत्त्वाचं मेसेजमध्ये नाहीच. ही रायफल कशासाठी आहे? प्रेअरी डॉग एक किलोच्या आसपास. कोयोटी फार तर वीस किलो. त्यांच्यासाठीच्या ‘व्हर्मिंट’ (उपद्रवी छोटी जनावरं) गोळ्यांचं तांब्याचं कवच मुद्दाम पातळ करतात, म्हणजे लागताक्षणी ती फुटते आणि जमिनीवर आपटून पुढे उडत नाही. आपला एकला डुक्कर, म्हणजे एकटा फिरणारा नर, शंभर किलोच्या घरात जातो. नराच्या खांद्यावर कातडीखाली कडक चिवट थर असतो. तिथे ती पातळ कवचाची गोळी वरच्या वर फुटली, तर मोठी जखम होते, पण डुक्कर पडत नाही. जखमी डुकराच्या मागावर सकाळी कोण जाणार? कोकणातल्या कुठल्याही वाडीत सुळ्याने मांडी फाटलेला एकतरी माणूस दाखवतील. टेक्सासमध्ये लोक डुकरांवर .२२३ चालवतात हे खरं, पण ते जड, मजबूत गोळ्या निवडतात, उघड्या माळावर, उजेडाची साधनं घेऊन. मेसेजमध्ये गोळीबद्दल चकार शब्द नाही.

‘गोळी बारीक म्हणून लांब जात नाही’ हे वाक्य लिहिणाऱ्याने कधी काडतुसांचा डबा हातात घेतलाय का? .२२ ही सगळ्यात छोटी समजली जाणारी गोळी. इथे तिच्या डब्यांवरच इशारा छापलेला असतो की दीड मैलापर्यंत धोका आहे. म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर. .२२३ तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते. कॅन्ससमध्ये माझ्यासमोर मैलोन्‌मैल कुरण असतं, तरीही मागे मातीचा उंचवटा नसेल तर मी चाप ओढत नाही. मामाच्या शेताच्या एका बाजूला वहाळ, वहाळापलीकडे दुसरी वाडी, वर जांभ्याचा सडा. जांभ्यावर आपटलेली गोळी कुठे वळेल ते कोणाच्या हातात नाही. छऱ्याच्या बंदुकीचे छर्रे काहीशे मीटरांत दम टाकतात, आणि तरीसुद्धा डुक्कर समजून माणसाला गोळी लागल्याच्या बातम्या आपल्याकडे येतच असतात. तिथे रायफल आणायची म्हणजे समोरच्या वाडीलाही गोळीच्या रेषेत उभं करायचं.

मला वाटतं कायद्याने हा विचार केलाय, आणि इथे पुन्हा त्याच अधिनियमाकडे यावं लागतं. कलम १३. पिकाच्या संरक्षणासाठी परवाना मिळतो तो ठासणीच्या बंदुकीचा. ती पुरत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तर दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा. आणि ती नळी किती लांब? वीस इंचांपेक्षा कमी नको, असं कलमातच लिहिलंय. रायफल त्यात कुठेच नाही. म्हणजे ‘त्याच परवान्यावर चालते’ हे धडधडीत खोटं, आणि चौदा इंचांवर कापलेली बंदूक त्या परवान्याच्या व्याख्येतूनच बाहेर पडते.

नातेवाइकांनी आणण्याबद्दल दोन वाक्यं पुरेत. भारतात सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही, ती मुभा मुख्यतः नामवंत नेमबाजांना आहे. मी सामानात रायफल घालून आलो तर गावी पोचणार नाही, विमानतळावरच्या कोठडीत पोचेन. देशात रीतसर मिळते ती सरकारी कारखान्यातली .३१५ची बोल्ट ॲक्शन स्पोर्टिंग रायफल, तिचा परवाना वेगळा, आणि तिची गोळी वाडीच्या हिशेबाने आणखी धोक्याची.

राहिलं ‘उपद्रवी जाहीर झालं’. वन्यजीव अधिनियम १९७२चा, त्याच्या कलम ६२खाली केंद्र सरकार एखादं जनावर ठरावीक भागात, ठरावीक मुदतीपुरतं उपद्रवी ठरवू शकतं. २०१५-१६मध्ये बिहार आणि उत्तराखंडमध्ये रानडुकरासाठी ते वर्षभरापुरतं झालं. त्या जुन्या बातम्या आता महाराष्ट्राच्या नावाने फिरताहेत. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित जनावरांच्या यादीत आहे. पिकाची नासाडी करणारं जनावर मारायला कलम ११खाली परवानगी मिळू शकते, पण ती लेखी, कारण नमूद करून, मुख्य वन्यजीव रक्षकाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याने दिलेली. व्हॉट्सॲपने दिलेली नाही.

मामाची अडचण खोटी आहे असं मी म्हणत नाही. निसवलेलं भात एका रात्रीत तीन गुंठे लोळवलं डुकरांनी. कणगर उकरली, सुरण उकरला. पंचनामा व्हायला माणूस वेळेवर येत नाही, आला तर भरपाईत बियाण्याचे पैसेही निघत नाहीत. रात्र रात्र पत्र्याचे डबे वाजवून तो थकलाय. अशा माणसाला ‘हे करा, सुटाल’ म्हणून सांगणं सोपं असतं, म्हणूनच या मेसेजचा मला इतका राग आहे. फोनवर मी त्याला सौरकुंपणाच्या अनुदानाबद्दल आणि वनखात्याकडे लेखी अर्ज करण्याबद्दल सांगितलं. तारेत थेट वीज सोडायची नाही आणि फासकी (तारेचा फास) लावायची नाही, कारण त्यात बिबटे अडकतात आणि गुरंही, हेही सांगितलं. त्याचं समाधान झालं नाही, ते मला आवाजावरून कळलं.

मग मी कलम ६ आणि कलम २५ मोठ्याने वाचून दाखवलं. “सात वर्सां?” त्याने दोनदा विचारलं. लोहाराला त्याने संध्याकाळीच ‘नको’ म्हणून कळवलं. पण मेसेज ज्या गटातून त्याला आला, त्या गटात ठासणीच्या आणि बारा बोअरच्या बंदुका असलेली आमच्याच पंचक्रोशीतली पाच-सहा घरं आहेत. मामाने आज त्यांना एकेक करून फोन करायला घेतलाय.