ओंदिन आणि माझी आजी

माझी आजी उभा जन्म लालबागच्या चाळीत राहिली, पण मुलींसाठी गिरणीतल्या कामगाराचं स्थळ तिने कधी दारात उभं केलं नाही. आजोबा स्वतः गिरणीत. पाळी संपवून आले की उंबऱ्याबाहेरच ती त्यांच्या केसांतला कापूस झटकायची आणि शेजारपाजाऱ्यांबद्दल हळूच म्हणायची, "आपण यांच्यातले नव्हे."

हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. गिरणगाव म्हटलं की एकजूट, लाल बावटा, मोर्चे. आजीचं वाक्य त्यात कुठे बसवायचं? मला लाजच वाटायची त्याची. ती लाज गेली ती लुई पॉल बोन या फ्लेमिश, म्हणजे बेल्जियममधल्या डचभाषक, कादंबरीकारामुळे.

बोन १९१२ साली बेल्जियममधल्या आल्स्टमध्ये जन्मला. देंदर नदीकाठचं सूतगिरण्यांचं गाव. बाप गाड्या रंगवायचा, पोरगाही त्याच्या हाताखाली रंगारी झाला. महायुद्धात कैद भोगली, नंतर आधी कम्युनिस्ट आणि मग समाजवादी वर्तमानपत्रात लिहिलं. म्हणजे माणूस कामगारांचाच. तरीही १९५३ च्या 'कापेलेकेन्सबान' या कादंबरीत (मी इंग्रजी अनुवाद वाचला) त्याने नायिका केली ती ओंदिनला.

ही ओंदिन गिरणीच्या सावलीत वाढलेली गरिबाची पोर. आणि तिला गरिबांचाच तिटकारा! मालकलोकांकडे तिचे डोळे लागलेले, समाजवादी तिला नकोसे. शेवटी पदरी पडतो तो ऑस्करके, शिल्पकार व्हायची स्वप्नं बघणारा कफल्लक माणूस. बोन तिला झाकत नाही आणि तिच्यावर दातही धरत नाही. मध्येच गोष्ट थांबवून तो आपल्या मित्रांना घेऊन बसतो. ती मंडळी ओंदिनवर, समाजवादावर, खुद्द कादंबरीवर वाद घालतात. सुरुवातीला मी वैतागले. शंभरेक पानांनंतर त्या मित्रांचीच वाट बघायला लागले. (मूळ पुस्तकात त्यांची नावंसुद्धा रोमन लिपीतल्या लहान अक्षरांत आहेत, कुणाच्याच नावाला सुरुवातीचं कॅपिटल अक्षर नाही. देवनागरीत ही गंमत उतरवायची कशी, हा विचार डोक्यातून जात नाही.)

दारिद्र्य पोट जाळतं तसं मनही जाळतं, आणि हे कामगारांच्या बाजूच्या लेखकानेच सांगायला हवं. आपण मात्र गरीब माणूस कागदावर आणला की त्याला आधी धुऊनपुसून सज्जन करतो. मला हा त्याचा अपमान वाटतो.

उठावाची गोष्टही बोनने अशीच जमिनीवरून सांगितली. १८९३ च्या सार्वत्रिक संपानंतर बेल्जियममध्ये सगळ्या प्रौढ पुरुषांना मत मिळालं खरं, पण पैसा आणि शिक्षण असलेल्याला दोन-तीन मतं! तरीही १८९४ मध्ये आल्स्टच्या कामगारांनी आडोल्फ दान्स या पाद्र्याला संसदेत पाठवलं. चर्चने पुढे त्याला मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) करायला बंदी घातली, अंगावरचा झगाही काढून घेतला. १९७१ च्या कादंबरीत बोन ही हकिगत पाद्र्याच्या तोंडून सांगत नाही. सांगतो त्याचा भाऊ पीटर, जो गावात छापखाना आणि वर्तमानपत्र चालवायचा. लढा म्हणजे रोजचा मजकूर, रोजची शाई, रोजची भीती. व्यासपीठावरून हे दिसलंच नसतं.

१९८२ च्या संपात आजोबा घरी बसले. तेव्हा आजीने त्याच शेजारणींच्या मांडीला मांडी लावून पापड लाटले, महिनोन्‌महिने. मत तिने बदललं नाही. नंतरही मावशीसाठी बँकेतलाच मुलगा शोधला. मी इतकी वर्षं यातली एकच आजी खरी धरत होते.

पापड लाटताना त्या बायका काय बोलायच्या, हे मी आईला कधीच विचारलं नाही. या रविवारी विचारणार आहे.