लॅटिनेक्स प्री-लॉ मंडळं खरंच बेकायदा ठरली का?

"अमेरिकी विद्यापीठांतली लॅटिनेक्स प्री-लॉ मंडळं म्हणजे मागच्या दारानं आरक्षण. 2023 च्या निकालानं ती बेकायदा ठरली. बाहेरच्यांना तिथं प्रवेश नाही, आणि काम म्हणाल तर टाको खाणं. शिवाय कागदपत्रं नसलेल्यांना सनद मिळतच नाही." हा मजकूर बराच फिरतोय. ही मंडळं म्हणजे पदवीनंतर लॉ स्कूलला जाऊ पाहणाऱ्या, लॅटिन अमेरिकी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या संघटना. एकेक वाक्य तपासू.

"बेकायदा ठरली." नाही. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा 29 जून 2023 चा निकाल हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांनी प्रवेश देताना वंशाचा विचार करण्याबद्दल होता. विद्यार्थी मंडळांचा मुद्दा कोर्टापुढे नव्हताच. टेक्सासच्या 2024 पासून लागू झालेल्या कायद्यानं सरकारी विद्यापीठांची डीईआय (विविधता, समता, समावेशन) कार्यालयं बंद केली, पण त्यातही नोंदणीकृत विद्यार्थी संघटनांना सूट आहे.

"आरक्षण." विद्यापीठ प्रवेशात वंशानुसार राखीव जागा तिथं सुप्रीम कोर्टातल्या 1978 च्या बाक्की खटल्यापासूनच निषिद्ध आहेत. आपल्याकडची कल्पना तिकडे चिकटवली की असा घोळ होतो.

"बाहेरच्यांना प्रवेश नाही." सरकारी विद्यापीठांत मान्यता हवी असेल तर सभासदत्व सहसा सर्वांना खुलं ठेवावं लागतं. अशी अट घालणं वैध आहे, हे सुप्रीम कोर्टानं 2010 मध्येच सांगितलंय.

"टाको खाणं." खातातही. पण देशाच्या लोकसंख्येत जवळपास पाचवा हिस्सा असलेल्या या समाजाचं वकिलांमधलं प्रमाण सुमारे 6 टक्के आहे. घरात वकील असेल तर पुढच्या गोष्टी जेवताना कळतात, नसेल तर कोणीतरी सांगाव्या लागतात. मंडळाचं खरं काम ते.

एलसॅटची, म्हणजे लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेची, फी माफ होऊ शकते, मात्र माफीचा अर्ज परीक्षेची नोंदणी करण्याआधी करायचा. एकदा भरलेले पैसे माफीखाली परत मिळत नाहीत. ऑगस्ट 2024 पासून परीक्षेतली तर्ककोडी गेली. आता 35 मिनिटांचे चार भाग असतात: तर्काचे दोन आणि वाचनाचा एक गुणांसाठी, चौथा बिनगुणांचा. स्वस्तात मिळालेलं जुनं पुस्तक घेतलं तर कोडी सोडवण्यात महिने वाया जातात. लेखी निबंध वेगळा द्यावा लागतो. तो दिलेला नसेल तर गुण अडकून राहतात.

सर्वांत जास्त अडतं ते गुणपत्रिकांवर. पदवीपूर्व ज्या ज्या कॉलेजात क्रेडिट घेतलं, त्या प्रत्येकाची गुणपत्रिका त्या कॉलेजकडूनच एलसॅककडे (एलसॅट घेणारी आणि लॉ स्कूल्सचे अर्ज पुढे पाठवणारी संस्था) जावी लागते. शाळेत असताना कम्युनिटी कॉलेजात केलेला एखादा विषयही सुटत नाही. तो राहिला की अर्ज अपूर्ण ठरतो, आणि बरीच लॉ स्कूल्स अर्ज येतील तसे निर्णय घेत असल्यानं तोवर जागा भरत जातात. म्हणून मुदत फेब्रुवारी-मार्चची असली तरी शरद ऋतूतच अर्ज करा, असं मंडळातले सीनियर्स बजावतात. मुख्य विषय राज्यशास्त्रच हवा असं काही नाही. वकिलांची संघटना असलेली अमेरिकन बार असोसिएशन कुठल्याच विषयाची शिफारस करत नाही.

"सनद मिळतच नाही." कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं 2 जानेवारी 2014 रोजी सर्जिओ गार्सिया यांना वैध वास्तव्य नसताना सनद दिली. त्यासाठी विधिमंडळानं आधी कायदा केला होता. हे नियम राज्यागणिक बदलतात, त्यामुळे वकिली कुठल्या राज्यात करायची ते प्रवेश घेण्याआधीच पाहावं लागतं, तीन वर्षांची फी भरून झाल्यावर नव्हे.