प्रतिक्रियेला उत्तर: मंदीत विमानफेऱ्या लगेच का घटत नाहीत

तुमची हरकत थोडक्यात अशी: मंदीत प्रवासी घटले की कंपन्या फेऱ्या रद्द करतात (तुमचं उदाहरण अमेरिकेतल्या युनायटेड एअरलाइन्सचं), पुरवठाही मागणीबरोबर खाली येतो, म्हणून ‘मंदीत भाडी कोसळतात’ हे माझ्या लेखातलं विधान अर्धवट आहे. शिवाय विमानं भरलेली असताना तोटा कसा होतो, हेही तुम्हाला पटलेलं नाही.

फेऱ्या कमी होतात हे मान्य, आणि लेखात त्याला पुरेशी जागा दिली गेली नाही हेही मान्य. पण त्या उशिरा कमी होतात आणि बहुतेक नुकसान त्या मधल्या काळात होतं.

हिशेब मांडून बघू. एका फेरीचा खर्च १०० धरा. त्यातले ३० इंधनाचे, १५ लँडिंग, नेव्हिगेशन आणि ग्राउंड हँडलिंगचे. उरलेले ५५ म्हणजे लीजचं भाडं, पगार, विमा. हे विमान उभं असलं तरी द्यावेच लागतात. तिकिटांतून ७० आले, तर फेरी चालवून तोटा ३०, रद्द करून ५५. साहजिकच कंपनी फेरी चालवते. रद्द करणं परवडतं ते उत्पन्न ४५ च्या खाली गेल्यावरच.

खरी मेख पुढे आहे. मंदीत तेलही उतरतं. जुलै २००८ मध्ये पिंपाला १४७ डॉलरवर गेलेलं तेल त्याच डिसेंबरात ४० डॉलरच्या खाली आलं. इंधनाचे ३० चे १५ झाले की ४५ ची मर्यादा ३० वर येते आणि बंद करायला काढलेली फेरी पुन्हा चालवण्याजोगी ठरते. चढ्या दराने हेजिंग करून, म्हणजे इंधनाचा दर आगाऊ बांधून बसलेल्यांना स्वस्ताई लाभली नाही हे खरं, पण तो तोटा फेरी रद्द करूनही टळत नाही, त्यामुळे निर्णय बदलत नाही. तुम्ही दिलेलं युनायटेडचं उदाहरण याच अंगाने बघा: ९४ बोइंग ७३७ आणि सहा ७४७ ताफ्यातून काढण्याची घोषणा जून २००८ मधली, म्हणजे तेल महाग असतानाची आहे.

विमान न काढता रोजचे तास कमी करता येतात, पण १२ तासांचे १० केले की ठरलेला खर्च ताशी २० टक्क्यांनी वाढतो. त्यात स्लॉटची, म्हणजे विमानतळावर उतरण्या-उडण्यासाठी मिळालेल्या ठरावीक वेळांची अडचण. गजबजलेल्या विमानतळांवर हंगामातले किमान ८० टक्के स्लॉट वापरले नाहीत, तर पुढच्या वर्षी त्याच हंगामात त्यांवरचा हक्क जातो. २००९ च्या उन्हाळी हंगामासाठी युरोपीय संघाला हा नियम शिथिल करावा लागला. तेजीत मागवलेली नवी विमानंही नेमकी याच सुमारास दारात येतात. आगाऊ हप्ते भरून झालेले असतात.

आता भरलेल्या विमानांबद्दल. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या आकडेवारीनुसार २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रवासी वाहतूक ३.५ टक्क्यांनी घटली, तरी सरासरी लोड फॅक्टर, म्हणजे भरलेल्या आसनांचं प्रमाण, ७५.६ टक्के होता. खुर्च्या भरल्या त्या भाडी उतरवून. बिझनेस क्लासचा प्रवासी कंपनीने खर्चाला कात्री लावल्यामुळे त्याच विमानात इकॉनॉमीत बसला, तर डोकी तेवढीच दिसतात, मात्र त्याच्याकडून येणारी रक्कम कित्येक पटींनी घटते. म्हणून तिमाही निकाल वाचताना लोड फॅक्टरच्या आधी प्रति उपलब्ध आसन-किलोमीटर उत्पन्न (भरलेलं वा रिकामं एक आसन एक किलोमीटर नेण्यामागे मिळालेली रक्कम) बघा, आणि त्याच्या शेजारी इंधन वगळून येणारा खर्च.