जोर नको, वेळ मोजा

ब्लूटूथचा सिग्नल किती जोरात येतो यावरून गोदामातला माल 'अचूक' सापडतो, असं तुमच्या लेखात म्हटलंय. अचूक हा शब्द जरा जपून वापरा हो. भिवंडीच्या एका गोदामात आम्ही असे टॅग, म्हणजे मालाला लावायची ब्लूटूथची छोटी यंत्रं, वापरून पाहिले होते. टॅग हातात धरला की अंतर दोन मीटर, तोच मागच्या खिशात टाकून जरा वळलं की सात-आठ! माणूस जागचा हललेलाही नाही. शरीरातलं पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी गिळतं, त्यात लोखंडी रॅकवरून होणारं परावर्तन वेगळंच. शेवटी पोरं एकमेकांना हाका मारूनच पेट्या शोधायची.

खरा फरक पडतो तो जोर सोडून सिग्नलला पोचायला लागलेली वेळ मोजली की. अल्ट्रा वाइडबँड या रेडिओ तंत्रात तेच करतात. एका नॅनोसेकंदात प्रकाश जेमतेम ३० सेंटिमीटर जातो, म्हणजे घड्याळ किती बारीक लागत असेल बघा. त्यासाठी लहरींच्या वारंवारतेचा किमान ५०० मेगाहर्ट्झचा रुंद पट्टा लागतो. वायफायचा साधा चॅनेल २० मेगाहर्ट्झचा. पट्टा जेवढा रुंद तेवढा स्पंद, म्हणजे सिग्नलचा एकेक ठोका, आखूड, त्यामुळे भिंतीवर आपटून उशिरा आलेली लहर वेगळी काढता येते. अमेरिकेत याला २००२ सालीच परवानगी मिळाली, पण आयफोनमध्ये यायला २०१९ उजाडलं.

वायफायमध्येही वेळ मोजायची सोय आहे, एक-दोन मीटरपर्यंत अंदाज येतो. गोदामाला तेवढं पुष्कळ झालं. त्यावर लेखात एक ओळही नाही, असं का?