‘ट्यूब गेली, भंगारात द्या’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

जुन्या गेमच्या नादातल्या आपल्या जळगाव-धुळ्याकडच्या मंडळीत एक मेसेज फिरतोय, मला एकट्यालाच चार जणांनी पाठवला. त्यात लिहिलंय की जुन्या स्टुडिओ मॉनिटरचं चित्र बिघडलं म्हणजे पिक्चर ट्यूब संपली, रंग चुको, रेघ येवो, डाग पडो, कारण एकच. डाग असतील तर स्पीकरचं चुंबक पडद्यावरून फिरवा, नाहीतर मागचं झाकण उघडून सगळे कॅपॅसिटर बदलून टाका, प्लग काढलेला असला की भीती नाही, आणि तरी नाही झालं तर भंगारात द्या.

हे वाचून चाळीसगावच्या एका मित्राने खरंच १४ इंची मॉनिटर भंगारवाल्याला देऊन टाकला. मी पोचलो तोवर योकच्या, म्हणजे मानेभोवतीच्या कॉइलच्या, तांब्यासाठी ट्यूबची मान मोडलेली होती. फोनवर त्याने लक्षण सांगितलं होतं ते एवढंच की चित्र वर-खाली पळतं आणि रंग गुलाबी दिसतो, आणि ते ऐकून मला आजही वाटतं की दोन बटणांत तो चालू झाला असता. अशा ट्यूब आता कुठेच बनत नाहीत भो, यातली सोनीची ट्रिनिट्रॉन ट्यूब १९६८ ला आली आणि २००८ च्या आसपास तिचं उत्पादन थांबलं, त्यामुळे फोडलेली एक म्हणजे कायमची कमी झालेली एक. म्हणून मेसेजमधलं एकेक म्हणणं घेऊन बोलतो.

पहिलं, रंग गुलाबी-हिरवा आणि चित्र पळतं म्हणजे ट्यूब गेली. अजिबात नाही. हे घरचे टीव्ही नाहीत, टीव्ही स्टेशन आणि एडिटिंग रूमसाठी बनवलेली मशिनं आहेत, त्यामुळे पुढच्या पट्टीवर अशी बटणं राहतात जी आपल्याकडे कोणी कधी बघितलेलीच नाहीत. सिंक म्हणजे चित्र जागेवर धरणारा सिग्नल, तो वेगळ्या वायरीतून घ्यायचं एक्स्टर्नल सिंकचं बटण दाबलेलं आहे आणि त्या सॉकेटला वायरच नाही, की चित्र पळणारच. उलटं पण होतं, गेममधून आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळ्या वायरींत) आणि सिंकची वेगळी वायर येतेय पण बटण दाबलेलं नाही, मग बरेच मॉनिटर सिंक हिरव्याच्या वायरीत शोधतात आणि तिथे ते नसतंच. आरजीबी दिलंय आणि बटण कंपोनंटवर (उजेड आणि रंग वेगळे पाठवणारा तीन वायरींचा दुसरा प्रकार) आहे तर चित्र गुलाबी-जांभळं, कंपोनंट दिलंय आणि बटण आरजीबीवर आहे तर हिरवंगार. सगळ्यात जास्त माणसं घाबरतात ती एचव्ही डिलेच्या बटणाला, ते दाबलं की चित्र फाटून पडद्याच्या मधोमध काळा क्रॉस येतो, बघणाऱ्याला वाटतं संपलं सगळं, पण ते इंजिनिअरला सिंकचा भाग दिसावा म्हणून मुद्दाम दिलेलं आहे. आणि ब्लू ओन्ली दाबलेलं असेल तर फक्त निळ्याचा सिग्नल दिसतो, रंग जुळवायला ते लागतं. म्हणून आधी सगळी बटणं सोडवायची आणि साधा कंपोझिट सिग्नल (सगळं चित्र एकाच वायरीत) लावून बघायचा, तो नीट दिसला की ट्यूबचा विषयच मिटला.

चित्र फार भगभगीत आणि रंग जळाल्यासारखे दिसत असतील तर पाठीमागे बघा. या मॉनिटरच्या इनपुटला ७५ ओहमचं टर्मिनेशन लागतं, काहींना त्याचा छोटा स्विच राहतो, काहींमध्ये आउटच्या सॉकेटात वायर खोचली की टर्मिनेशन आपोआप निघून जातं. कोणीतरी तिथे रिकामी वायर लटकवून ठेवलेली असते आणि महिनाभर ब्राइटनेस कमी-जास्त करत बसतात.

एक रंगच येत नसेल तर माझी एक पद्धत आहे, तिला मीटर पण लागत नाही. समजा लाल येत नाही. मॉनिटरच्या मागे लाल आणि निळ्याच्या वायरींची अदलाबदल करायची. आता निळा गायब झाला तर दोष वायरीत किंवा गेममध्ये आहे, आणि अजूनही लालच गायब असेल तर दोष मॉनिटरमध्ये आहे. मग कंपोझिटवर लाल येतो का ते बघा, येत असेल तर फक्त आरजीबीच्या इनपुटचा भाग बिघडलाय, तिथेही येत नसेल तर मानेवरची पाटी (ट्यूबच्या मागच्या टोकावरचा सर्किट बोर्ड) किंवा ट्यूब. अमळनेरच्या माझ्या मावसभावाचा मॉनिटर गावातल्या मेकॅनिकने बघताक्षणी ‘ट्यूब गयी, भंगारमा टाकी दे’ म्हणून सोडला होता, वायरी बदलून बघितलं तर मागच्या बीएनसी सॉकेटच्या पिनचं सोल्डर आतून सुटलेलं निघालं. गोलाणी मार्केटमधून नवी पिन आणली, लावली, झालं.

दुसरं म्हणणं रेघांचं, आणि यात मेसेजने तीन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्या आहेत. ट्रिनिट्रॉन पडद्यावर खालच्या बाजूला एक केसासारखी बारीक आडवी सावली दिसते, मोठ्या ट्यूबमध्ये दोन. आत उभ्या तारांची जाळी असते, ती हलू नये म्हणून आडवी तार ओढलेली असते, तिचीच ही सावली, ट्यूब पहिल्या दिवसापासून अशीच आहे. दुसरं, जुन्या गेमच्या चित्रात ओळींमध्ये काळ्या फटी दिसतात त्या २४० ओळींच्या सिग्नलमुळे, तो दर वेळी त्याच ओळींवर पडतो आणि मधल्या रिकाम्या राहतात. लोक हे दिसावं म्हणून तर हा मॉनिटर शोधतात!

तिसरी रेघ मात्र खरा बिघाड आहे, सगळा पडदा काळा आणि मधोमध एकच झगझगीत आडवी रेघ. पण ती रेघ दिसते म्हणजेच ट्यूब जिवंत आहे ना. हीटर पेटलाय, हाय व्होल्टेज येतंय, गन काम करतेय, आडवं स्कॅनिंगही चालू आहे, बंद पडलंय ते फक्त उभं. म्हणजे व्हर्टिकल आयसी, त्याच्या आजूबाजूचे कॅपॅसिटर, किंवा फारच वेळा नुसतं ड्राय सोल्डर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, त्यात आयसी स्वतः तापतो, रात्री थंड होतो, वर्षानुवर्षं हे चाललं की पायाभोवतीच्या सोल्डरला गोल चीर पडते, भिंगाखाली बघितलं तर अंगठीसारखी दिसते. थाप मारली की चित्र येतं असं कोणी सांगितलं तर मी पहिल्यांदा तीच शोधतो, व्हर्टिकल आयसी, योकचं कनेक्टर, ईएचटीच्या (ट्यूबला हाय व्होल्टेज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या) पिना, सीआरटी बेस म्हणजे ट्यूबच्या मानेवरचं सॉकेट, याच क्रमाने. एक काळजी घ्या, अशी रेघ आली की लगेच बंद करा, नाहीतर फॉस्फर, म्हणजे पडद्याचा चमकणारा लेप, त्या जागी जळतो आणि मग खरोखरच ट्यूब खराब होते.

चुंबकाचं म्हणणं तर सरळ नुकसान करणारं आहे. पडद्याच्या आतली जाळी लोखंडी असते, तिच्यात चुंबकपणा शिरला म्हणून डाग पडतात, आणि तुम्ही तिच्यावर स्पीकरचं कायमचं चुंबक फिरवून अजून घालताय. तो काढायला उलटसुलट बदलणारं आणि हळूहळू कमी होत जाणारं क्षेत्र लागतं, डीगॉसची कॉइल तेच करते, चालू करताना ‘धुम्म’ आवाज येतो तो तिचाच. तिच्यासोबतचा थर्मिस्टर तापून प्रवाह कमी करत नेतो, म्हणून एकदा झालं की १५-२० मिनिटं थांबून परत करायचं, सलग बटण दाबून उपयोग नाही. आवाजच येत नसेल तर थर्मिस्टर किंवा कॉइलचं कनेक्टर बघा. आणि त्याआधी शेजारचा डीजेचा बॉक्स नाहीतर लोखंडी कपाट लांब करा. पण मॉनिटर एसटीने आणलाय आणि डीगॉस करूनही कोपऱ्यात रंग राहिले, तर हादऱ्याने योक किंवा मानेवरच्या चुंबकी रिंगा सरकल्या असतील, ते जाणकाराकडूनच करून घ्या.

सगळे कॅपॅसिटर बदला, हे अर्धं खरं आहे. १९९० च्या आसपासच्या पाट्यांवरचे छोटे एसएमडी (पाटीच्या पृष्ठभागावरच सोल्डर केलेले) इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर गळतात, आणि गळलेलं पाणी तांबं खातं, ते काढायलाच हवेत. पण बिघाड न शोधता शंभरेक कॅपॅसिटर एका बैठकीत काढणं म्हणजे शंभर नव्या चुकांना जागा. माझ्याकडे असा एक आलाय, तीन ठिकाणी पाटीचं तांबं उपटलेलं, एक कॅपॅसिटर उलटा, आणि मूळ दोष योकच्या कनेक्टरमधली चीर, तिला कोणी हातही लावलेला नाही. कॅपॅसिटर खराब झालाय का ते दाखवणाऱ्या ईएसआर मीटरने मोजा, हीटसिंकजवळचे आधी, आणि एकेक बदलून चालू करून बघा.

आता प्लगचं. हे वाक्य लिहिणाऱ्याने मागे घ्यावं अशी माझी हात जोडून विनंती आहे. ट्यूबची काच स्वतः कॅपॅसिटरसारखी चार्ज धरून ठेवते, १४ इंचीत २०,००० व्होल्टच्या पुढे, आणि प्लग काढल्यावरही तो तास न् तास, कधी कधी काही दिवस राहतो. शिवाय पॉवर सप्लायच्या मोठ्या कॅपॅसिटरवर २३० ची लाइन सरळ होऊन ३२५ व्होल्ट डीसी बसलेला असतो, आणि जिवाला जास्त धोका मी त्याचाच मानतो. चार्ज काढायचा तर वायर आधी ट्यूबच्या पाठीवरच्या उघड्या जाळीदार पट्टीला लावायची, मग दुसरं टोक स्क्रूड्रायव्हरला, आणि स्क्रूड्रायव्हर हाय व्होल्टेजची जाड वायर ट्यूबला लागते तिथल्या रबरी टोपीखाली, एक हात मागे ठेवून, थोड्या वेळाने परत एकदा, कारण चार्ज थोडासा परत येतो. हे कधी बघितलेलं नसेल तर झाकण उघडूच नका, जुन्या टीव्ही मेकॅनिक काकांना बोलवा, भुसावळ-धुळ्याला अजून आहेत अशी माणसं.

साफसफाई मात्र त्यांच्याकडून करून घ्याच. जिनिंगजवळच्या घरातल्या मॉनिटरमध्ये मी रुईचे तंतू ईएचटीभोवती गुंडाळलेले बघितलेत, पावसाळ्यात ते ओल धरतात आणि आतून चर्रर्र आवाज येतो, चित्र क्षणभर आखडतं. तेही ट्यूब गेली म्हणूनच सांगितलं होतं.

ट्यूब खरंच दमते, ते मी नाकारत नाही. चालू केल्यावर चित्र फिकट, २० मिनिटांनी थोडं उजळ, कॉन्ट्रास्ट वाढवला की पांढरा भाग चंदेरी होऊन पसरतो, फोकस फिरवूनही अक्षर उमटत नाही, ही तिची लक्षणं. असं सगळं एकत्र दिसलं तरच ट्यूबचं नाव घ्या, आणि तेव्हासुद्धा भंगारवाल्याला देऊ नका, आधी आम्हाला विचारा. तिची ईएचटी, योक, मानेवरची पाटी चांगली राहते, आणि पारोळ्याला एक जण दीड वर्षापासून तसल्याच पाटीसाठी थांबलाय.