अहवाल कोरड्या व थंड जागी ठेवावा

स्थानिक हवामानकृती समितीवर तुमची निवड झाली, अभिनंदन! पृथ्वी तापते आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. आता ती तुमच्या हद्दीत नेमकी किती तापते, हे मोजायचं. घाबरू नका. काहीही न करण्याचे जे अनेक मार्ग आहेत, त्यांत मोजत राहणं हा सगळ्यात प्रतिष्ठित. फक्त ते नीट जमलं पाहिजे.

सुरुवात तापमापीपासून. शास्त्र सांगतं, तो झडपांच्या पांढऱ्या पेटीत, मोकळ्या हिरवळीवर, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर, भिंती आणि डांबरापासून लांब असावा. तुम्ही तो गच्चीवर एसीच्या गरम झोताच्या तोंडाशी बसवा. आकडा चढला की म्हणायचं, "एसीमुळे हो!" आणि उतरला की, "बघा, कुठे आहे तुमची तापमानवाढ?" वाईट जागी लावलेला तापमापी कुणालाच नाराज करत नाही. दोन-तीन वर्षांनी पेटी हलवा आणि हलवल्याचं कुठेही लिहू नका. पुढेमागे कुणी संशोधक उगवलाच, तर जुन्या-नव्या आकड्यांचा सांधा जुळवण्यात त्याची उमेद संपेल.

रोज सकाळी आकडे टिपायला माणूस नेमा. तो रजेवर गेला तर बदली देऊ नका. मग महिनाअखेर नोंदवही उघडून बघा: एकतीस दिवस, एकच पेन, एकाच बाजूला कललेलं अक्षर, आणि प्रत्येक आकड्याला दशांशचिन्ह. दशांश दिसला की भलेभले माना डोलावतात. रात्रीचं सगळ्यात कमी तापमान दाखवणाऱ्या किमान तापमापीतली बारीक दर्शककाडी त्या नीचांकावरच थांबून राहते, म्हणून ती रोज पुन्हा जागेवर आणावी लागते. तेवढं विसरलं, की एका गार पहाटेचा आकडा महिनाभर पुरतो. विसाव्या शतकाच्या मध्यापासून जमिनीवरच्या रात्री दिवसांपेक्षा वेगाने तापत आल्या आहेत, असं जगभरच्या नोंदी सांगतात. तुमची वही मात्र निवांत झोपलेली असेल. विसराळूपणाला एवढं सार्वजनिक मोल क्वचितच येतं.

शिवाय हवामानाची सरासरी 30 वर्षांची धरतात, सध्याची 1991 ते 2020 ची. इतक्यात निष्कर्ष काढायची घाई कुणाला आहे? तुम्हाला तर नाहीच, तुमची मुदत त्याआधी संपते. पावसालाही हीच युक्ती. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पाऊस कोसळतो तेव्हा कोसळतोच. पण महिन्याभराचा पाऊस तीन दिवसांत पडला तरी बेरीज तीच येते. बिनदिक्कत लिहा, "पर्जन्यमान सरासरीइतके." तळमजल्यावरच्यांच्या गाद्या भिजल्या असतील, पण गाद्यांसाठी तक्त्यात रकाना नसतो.

एखादा हुशार सदस्य हवाई बेटावरच्या मौना लोआ वेधशाळेचं नाव काढेल. अमेरिकी शास्त्रज्ञ चार्ल्स कीलिंग यांनी तिथे 1958 साली कार्बन डायऑक्साइड मोजायला घेतला, तेव्हा तो हवेच्या दशलक्ष भागांत 315 च्या आसपास होता. आता 420 च्या वर आहे. त्या आलेखाकडे बघू नका, झोप उडते. शिकायचंच असेल तर 1964 पासून शिका. त्या वर्षी पैशाला कात्री लागली आणि मोजणी काही काळ चक्क बंद पडली! दुर्दैवाने ती पुन्हा सुरू झाली.

(वृक्षारोपणाबद्दल मी मुद्दाम लिहीत नाही. त्यात तुम्हीच माझे गुरू.)

खरा धोका यंत्राशिवाय मोजणाऱ्यांचा. जपानमधल्या क्योतोत चेरी कधी बहरते हे दरबारी मंडळी आणि भिक्षू रोजनिशीत लिहीत आले. या नोंदी बारा शतकं मागे जातात, आणि 2021 सालचा 26 मार्चचा पूर्ण बहर तोवरच्या सगळ्यांत लवकरचा ठरला. ना समिती, ना निविदा. असा एखादा माणूस तुमच्या आवारातही असतो. पहारेकऱ्याच्या खोलीत जाऊन बघा: दाराशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या, फाटकाजवळचं झाड कोणत्या वर्षी कधी फुललं त्याच्या. एकाखाली एक बावीस ओळी, आणि खाली येता येता तारखा लवकरच्या होत गेलेल्या. सगळ्या वेगवेगळ्या पेन्सिलींच्या, म्हणजे बहुधा खऱ्या.

पहिल्याच बैठकीत ती खोली रंगवण्याचा ठराव तातडीची बाब म्हणून मंजूर करून घ्या. रंग पांढराच सांगा. पांढरा रंग उष्णता परावर्तित करतो, त्यामुळे खर्च हवामानकृतीच्या खात्यावर टाकता येईल. भिंत आतली आहे, हे कुणी विचारणार नाही.