फसलेला ब्रेकआउट आणि टिप्सचा आग्रह: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

एक तारा देऊन तुम्ही तीन तक्रारी मांडल्या आहेत: ब्रेकआउटवर (म्हणजे भाव बरेच दिवसांच्या रेंजमधून वर निघताना) घेतलेला शेअर दुसऱ्याच दिवशी पडला, क्लासमध्ये टिप्स न देता जुनेच चार्ट दाखवतात, आणि फी परत हवी. तुमचे पैसे गेले याचं मला मनापासून वाईट वाटतं. गोव्यात म्हापशातल्या आमच्या ट्रेडिंगच्या क्लासला यायचं की नाही हे ठरवणारे इतर लोकही हे वाचतील, म्हणून सविस्तर लिहितो.

तुम्हीच लिहिलंय की शेअर दोन महिने ४०० ते ४२० च्या रेंजमध्ये होता. सकाळी साडेनऊला ४२६ दिसताच तुम्ही दोन लाखांचं सगळं कॅपिटल त्यात घातलं. संध्याकाळी तो ४१७ ला बंद झाला आणि दुसऱ्या दिवशी ३९६ ला उघडला. क्लासमधला पहिला नियम आहे: दिवसाचा बंद भाव रेंजच्या वर हवा. तो पाळला असता तर हा ट्रेड झालाच नसता. व्हॉल्यूमचा, म्हणजे दिवसभरात किती शेअर्सची उलाढाल झाली याचा, तर तुम्ही उल्लेखच केलेला नाही. रेंजमध्ये विकणारे विकून मोकळे होतात तसा व्हॉल्यूम आटत जातो. बाहेर पडताना तो ५० दिवसांच्या सरासरीच्या निदान दीडपट असावा असं आम्ही धरतो. बाजार उघडल्यावर पहिल्या पंधरा मिनिटांत हे कळत नाही.

समजा तो ४२४ ला बंद झाला असता आणि तुम्ही तिथे घेतला असता. स्टॉप लॉस, म्हणजे तोटा थांबवायला आधीच ठरवलेला विक्रीचा भाव, ४०४ ला; म्हणजे शेअरमागे २० रुपये. एका ट्रेडमध्ये धोका कॅपिटलच्या एक टक्क्याचाच; दोन लाखांचा एक टक्का २,०००, म्हणून १०० शेअर्स, त्याहून जास्त नाही. दुसऱ्या दिवशी ३९६ ला गॅप-डाऊन झाल्यावर, म्हणजे भाव एकदम खालीच उघडल्यावर, स्टॉप लॉस त्याच भावाला लागला असता आणि २,८०० गेले असते. तुमचे गेले चौदा हजार. सगळं जुळूनही ब्रेकआउट फसतात, बाजार खाली असताना तर जास्तच. पण दहातल्या सहांत २,०००-२,००० गेले आणि चारांनी ६,०००-६,००० दिले, तर ब्रोकरेज आणि कर धरण्याआधी १२,००० हातात राहतात. क्वांटिटीचे, म्हणजे किती शेअर्स घ्यायचे याचे, दोन वर्ग आम्ही घेतो ते याचसाठी, आणि लोक नेमके तेच चुकवतात.

जुन्या चार्टबद्दल: नुसतं शिक्षण देणाऱ्यांनी शेवटच्या तीन महिन्यांचे भाव वापरून शेअरबद्दल बोलू नये, असं सेबीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं. नियम नसता तरी मी टिप दिली नसती. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोली-सत्तरी या खाणींच्या भागात कितीतरी घरांनी खनिज वाहणारे ट्रक विकले. त्या घरांतली माणसं माझ्यासमोर बसतात. उरलेला पैसा माझ्या एका शब्दावर त्यांनी लावावा, हे मला मान्य नाही.

फी दुसऱ्या वर्गापर्यंत परत मिळते, तसं पावतीवर छापलंय. तुम्ही कोर्स पूर्ण केलात, त्यामुळे ती देता येणार नाही. रविवारच्या बॅचला मात्र केव्हाही या, वेगळे पैसे नाहीत. त्या दिवसाची कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने पाठवलेली व्यवहाराची पावती) आणा. क्वांटिटीचं गणित तुमच्याच ट्रेडवर पुन्हा करू.